अवकाशयानावर शस्त्र चढवताना: आधी अंतर, मग उष्णता, नाव सगळ्यात शेवटी

जून लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, मासेमारी बंद होते आणि देवगडात आमच्या विज्ञानकथांच्या बैठका सुरू होतात. मी तिथे नव्या लेखकांच्या कथा वाचतो. यानं, ग्रह, माणसं सगळं छान जमलेलं असतं, पण लढाई सुरू झाली की कथा कोसळते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. लेखकाने शस्त्राचं नाव आधी ठरवलेलं असतं, त्याला '-अस्त्र' जोडलेलं असतं आणि ते कुठून किती वेळा डागता येतं हे कधी मांडलेलंच नसतं. मग तिसऱ्या पानावर ते एका फटक्यात चंद्र फोडतं आणि सातव्या पानावर एका मालवाहू यानाला साधं भोकही पाडू शकत नाही.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. तो बदललात तर मागचं सगळं खोडावं लागतं.

तयारी: वहीत पाच आकडे

कथा लिहायला घेण्याआधी एक वही घ्या आणि यानाबद्दल पाच गोष्टी लिहा: वजन, लांबी, किती जोराने वेग बदलता येतो, सतत किती वीज मिळते आणि लढाई कुठे होते. या लेखात मी एकच यान शेवटपर्यंत वापरणार आहे. त्याचं नाव 'सुरमई'. वजन १००० टन, लांबी १२० मीटर. वेग बदलण्याची ताकद पृथ्वीच्या गुरुत्वाच्या शंभराव्या भागाएवढी, म्हणजे दर सेकंदाला वेगात ०.१ मीटरची भर. अणुभट्टीतून सतत ५ मेगावॉट वीज. जागा: पृथ्वीभोवती ४०० किलोमीटर उंचीची कक्षा, जिथे यान सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर धावतं.

शस्त्र म्हणून तूर्तास एक विद्युतचुंबकीय तोफ धरू: १०० मीटर लांब नळी, १० किलोचा गोळा, वेग सेकंदाला ५ किलोमीटर. समोरचं यानही 'सुरमई'सारखंच.

सावध: आकडे गोल ठेवा. गणित लेखकाच्या सोयीसाठी आहे, वाचकाला ते दिसणार नाही. पण एकदा लिहिलेला आकडा कथेच्या सोयीसाठी मधेच बदलू नका.

टप्पा १: अंतर ठरवा आणि त्याचे सेकंद करा

'दूरवर शत्रूचं यान दिसलं' हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं आहे. दूरवर म्हणजे किती? महाराष्ट्राची अख्खी किनारपट्टी जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटर. अवकाशात हे अंतर फार नाही. आपल्या कक्षेतलं यान एवढं अंतर दीड मिनिटात कापतं.

आता लढाई १००० किलोमीटरवरून होते असं धरा. गोळ्याला तिथे पोचायला २०० सेकंद लागतात. समोरच्या यानाने तेवढ्या वेळात नुसता हलकासा जोर लावला तरी ते मूळ जागेपासून २ किलोमीटर सरकतं. ते कुठल्या दिशेला सरकेल हे तुम्हाला ठाऊक नाही. म्हणजे २ किलोमीटर त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ गोळ्यांनी भरावं लागेल. १२० मीटर लांब आणि २० मीटर रुंद यान त्यातून सुटू नये म्हणून साधारण ५२०० गोळे.

तेच अंतर १०० किलोमीटर करा. गोळा २० सेकंदांत पोचतो आणि यान जास्तीत जास्त २० मीटर सरकतं. ते स्वतःच १२० मीटर लांब आहे. आता नीट रोखलेला एक गोळाही लागण्याची चांगली शक्यता आहे.

अंतर दहापट कमी केल्यावर चुकवण्याची जागा लांबीत शंभरपट आणि क्षेत्रफळात दहा हजारपट कमी झाली. कथेतला ताण इथे आहे: कोण कोणाला १०० किलोमीटरच्या आत येऊ देतो. बहुतेक लेखक तोफेचा पल्ला 'अमर्याद' लिहून हा ताण फुकट घालवतात. निर्वात जागेत गोळा थांबत नाही हे खरं, पण पल्ला म्हणजे गोळा जिथवर जातो ते अंतर नव्हे. जिथवर तो लागतो ते अंतर.

तपासा: तुमच्या प्रसंगात प्रत्येक वारापुढे 'पोचायला किती सेकंद' हे वहीत आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: ऊर्जा आणि शक्ती वेगळ्या लिहा

१० किलोचा गोळा सेकंदाला ५ किलोमीटर वेगाने निघतो तेव्हा त्यात १२५ मेगाज्यूल ऊर्जा असते. ही साधारण ३० किलो टीएनटी या स्फोटकाएवढी. एक सोपं माप लक्षात ठेवा: सेकंदाला ३ किलोमीटरच्या आसपास कुठल्याही वस्तूत तिच्या स्वतःच्या वजनाएवढ्या टीएनटीची ऊर्जा असते. म्हणून एवढ्या वेगाच्या गोळ्यात वर आणखी दारू भरणं हे वाया जाणारं वजन आहे.

१२५ मेगाज्यूल म्हणजे विजेची अवघी ३५ युनिटं. इथे नवा लेखक फसतो. एवढीशी तर वीज आहे, अणुभट्टी लगेच देईल, असं त्याला वाटतं. पण गोळा १०० मीटरच्या नळीत जेमतेम ०.०४ सेकंद असतो. तेवढ्यात ही ऊर्जा द्यायची तर शक्ती लागते ३१०० मेगावॉट. चिपळूण तालुक्यात सह्याद्रीच्या पोटातून पाणी उतरवून चालणाऱ्या आपल्या कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. म्हणजे दीड कोयना, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

म्हणून तोफेआधी साठवण काढा: कपॅसिटरचा संच, जो सावकाश भरतो आणि एका क्षणात रिकामा होतो. तोफेची कार्यक्षमता निम्मी धरली तर एका गोळ्यासाठी २५० मेगाज्यूल भरावे लागतात. ५ मेगावॉटवर त्याला ५० सेकंद. म्हणजे 'सुरमई' मिनिटाला एक गोळा डागते. लढाईची लय या एका आकड्यातून आपोआप मिळते. दोन गोळ्यांच्या मधे एक पूर्ण मिनिट, त्यात माणसं बोलतात, घाबरतात, निर्णय बदलतात.

सावध: नळी झिजते. अमेरिकेच्या नौदलाने २०१० मध्ये अशा तोफेची ३३ मेगाज्यूलची चाचणी केली आणि २०२१ मध्ये हा कार्यक्रम थांबवला. नळीची झीज हा त्यातला मोठा अडसर होता. तुमची तोफ त्याच्या जवळपास चौपट जोराची आहे. किती गोळ्यांनंतर नळी बदलावी लागते, ते लिहा.

टप्पा ३: उष्णता कुठे जाते?

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो आणि माझ्या मते सगळ्यात चांगल्या कथा इथूनच निघतात.

निम्मी कार्यक्षमता म्हणजे प्रत्येक गोळ्यामागे १२५ मेगाज्यूल उष्णता यानातच राहते. 'अवकाश थंड असतं, निघून जाईल' हे उत्तर चुकीचं आहे. तिथे हवा नाही, पाणी नाही. उष्णता बाहेर जाण्याचा कायमचा मार्ग एकच: तापलेल्या पृष्ठभागातून प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपाने बाहेर पडणं. त्यासाठी रेडिएटरचे मोठे पंखे लागतात: फिरणारे नव्हेत, पक्ष्याच्या पंखांसारखे पसरलेले पत्रे.

पंख्याचं तापमान ठरवा, कारण प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. १००० केल्विनवर (सुमारे ७२७ अंश सेल्सिअस) दोन्ही बाजूंनी तापणारा एक चौरस मीटर पंखा सुमारे ११३ किलोवॉट बाहेर टाकतो. ४०० केल्विनवर तोच पंखा जेमतेम २.९ किलोवॉट टाकतो.

आता 'सुरमई'चा हिशोब. अणुभट्टीची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर तिची वाया जाणारी उष्णता १५ मेगावॉट. पण ती १००० केल्विनवर बाहेर येते, म्हणून १३० चौरस मीटरचा पंखा पुरतो. १३ बाय १० मीटरचं कबड्डीचं एक मैदान. तोफेची उष्णता मिनिटाला एक गोळा धरून फक्त २ मेगावॉट. पण कपॅसिटर आणि वेटोळी फार तापून चालत नाहीत, ती उष्णता ४०० केल्विनवरच काढावी लागते. त्यासाठी ७१८ चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची साडेपाच मैदानं. उष्णता सातव्या भागाएवढी आणि पंखा साडेपाचपट. बैठकीत मी हे फळ्यावर मांडतो तेव्हा कोणाचाच आधी विश्वास बसत नाही. स्वतः करून बघा.

हे पंखे पातळ, पसरलेले आणि गरम असतात. चिलखत चढवलं तर ते काम करत नाहीत. शत्रू पहिला नेम तिथेच धरणार. मग लढाईत पंखे मिटून घ्यायचे का? मिटले तर उष्णता साठवायची कशात?

इथे मला ट्रॉलरचा बर्फ आठवतो. समुद्रात किती दिवस राहायचं ते डिझेल आणि खणातला बर्फ मिळून ठरवतात. जाळ्यात मासळी असली तरी बर्फ संपत आला की तांडेल परत फिरतो. यानातही बर्फच ठेवा. एक किलो बर्फ वितळवून, उकळवून त्याची वाफ बाहेर सोडली तर सुमारे ३ मेगाज्यूल उष्णता जाते. म्हणजे एका गोळ्याला ४२ किलो बर्फ. २० टन बर्फ घेतला तर ४८० गोळे, त्यातून अणुभट्टीचा पंखाही मिटला असेल तर फारच कमी. ती १५ मेगावॉट उष्णता बर्फावर घेतली की दर सेकंदाला ५ किलो बर्फ जातो आणि २० टन सुमारे ६७ मिनिटांत संपतो.

आता यानाच्या कप्तानासमोर खरा पेच आहे. पंखे उघडे ठेवले तर तुटतील. मिटले तर घड्याळ सुरू झालं. वाफ सोडली तर ती यानाला ढकलते आणि आपण कुठे आहोत हे सांगते. हे सगळं वाचकाला न समजावता एका वाक्यात येतं: 'बर्फ किती उरला?'

तपासा:
- प्रत्येक वारामागे किती बर्फ गेला याचा रकाना वहीत आहे का?
- पंखे उघडे आणि मिटलेले, अशा दोन्ही अवस्थांत यान किती वेळ लढू शकतं?
- यान 'अदृश्य' होतं असं कुठे लिहिलं आहे का? २९० केल्विनचं यान जवळपास ३ केल्विनच्या पार्श्वभूमीवर उष्णतेच्या दुर्बिणीला दिसतंच. ते वाक्य काढा.

टप्पा ४: धक्का आणि रोख

गोळा पुढे गेला की यान मागे सरकतं. 'सुरमई'ला प्रत्येक गोळ्यामागे सेकंदाला ५ सेंटिमीटरचा धक्का. हा किरकोळ आहे. शंभर गोळ्यांनंतर मात्र सेकंदाला ५ मीटर, आणि तेवढा वेग भरून काढायला इंधन लागतं.

मोठी चूक वेगळी आहे: तोफ यानाच्या वजनाच्या मध्याबाहेर बसवणं. चित्रात ती छतावर उभी छान दिसते. पण २० मीटर बाजूला बसवलेली तोफ प्रत्येक वारात यानाला फिरवते, मिनिटाला जवळपास ३ अंश. १००० किलोमीटरवर ३ अंश म्हणजे ५० किलोमीटरची चूक. म्हणून नळी यानाच्या कण्यातून न्या.

कण्यातली नळी वळत नाही, अख्खं यान वळवावं लागतं. हे कमीपणाचं नाही. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबेच्या, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाच्या, नाळेवरच्या तोफा समोर मारा करत, आणि वारा पडला तर गलबतं वल्ह्यांनी तिला ओढून जागेवर आणत. १९७४ मध्ये सोव्हिएत संघाने सोडलेल्या साल्युत-३ स्थानकावर खरी तोफ होती. तीही वळत नव्हती, नेम धरायला स्थानकच फिरवावं लागे. ती डागून पाहिली ती आत माणसं नसताना.

सावध: तोफ समोर आणि मुख्य इंजिन मागे असेल तर नेम धरताना यान शत्रूच्या दिशेनेच जोर लावू शकतं. त्या वेळी ते बाजूला चुकवू शकत नाही. हा क्षण कथेत वापरा.

टप्पा ५: आता शस्त्राचा प्रकार तोलून पाहा

चार टप्पे झाल्यावरच इथे या. आता तोफेऐवजी दुसरं काही हवं का, ते त्याच वहीत तपासा.

लेसर. 'काका, लेसरचो पट्टो दिसता मां?' हा प्रश्न दर वर्षी येतो. नाही दिसत. किरण डोळ्यांकडे वळवायला वाटेत धूळ किंवा वायू लागतो. दिसतो तो फक्त जिथे लागला तिथला झगमगाट. लेसर प्रकाशाच्या वेगाने जातो, म्हणून चुकवणं जवळजवळ अशक्य. पण तो पसरतो. १ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण १ मीटरच्या आरशातून सोडला तर १०० किलोमीटरवर ठिपका २४ सेंटिमीटरचा, १००० किलोमीटरवर २.४ मीटरचा, १०,००० किलोमीटरवर २४ मीटरचा. १ मेगावॉट लेसर १००० किलोमीटरवर पृथ्वीजवळच्या उन्हाच्या दीडशेपट तापवतो. १०,००० किलोमीटरवर तो दीडपट उन्हाएवढा उरतो, त्याने कोणी मरत नाही. पल्ला वाढवायचा तर शक्तीइतकाच आरसा वाढवा. एक तृतीयांश कार्यक्षमता धरली तर १ मेगावॉट लेसरमागे २ मेगावॉट उष्णता उरते. म्हणजे पुन्हा तीच कबड्डीची साडेपाच मैदानं.

क्षेपणास्त्र. हे वाटेत वळू शकतं, त्यामुळे पहिल्या टप्प्यातली ५२०० गोळ्यांची अडचण सुटते. शिवाय त्याची उष्णता त्याच्याबरोबर जाते, तुमचा बर्फ वाचतो. किंमत इंधनात मोजावी लागते. ३ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने झोत सोडणाऱ्या इंजिनाने तेवढाच वेग गाठायचा तर १०० किलोत ६३ किलो इंधन, दुप्पट वेग हवा तर ८६ किलो. उरलेल्या १४ किलोत इंजिन, टाकी, मेंदू आणि घाव घालणारा भाग बसवा. तोफेच्या गोळ्यालाच मेंदू बसवायचा असेल तर लक्षात ठेवा, आपल्या नळीत तो गुरुत्वाच्या सुमारे १२,७०० पट दाब सोसतो.

अणुबॉम्ब. हवा नाही, म्हणून स्फोटाची लाट नाही. ऊर्जा मुख्यतः क्ष-किरणांतून जाते आणि अंतराच्या वर्गाने पातळ होते. १ मेगाटनचा बॉम्ब १०० किलोमीटरवर प्रत्येक चौरस मीटरला साधारण ३३ किलोज्यूल देतो, म्हणजे २४ सेकंदांच्या उन्हाएवढी ऊर्जा एका क्षणात. नाजूक संवेदकांना धोका, सांगाड्याला फारसा नाही. १ किलोमीटरवर तीच दहा हजारपट होते. आणि तुमची कथा नजीकच्या भविष्यातली असेल तर १९६७ च्या अवकाश करारात अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी आहे. साध्या तोफेला ती बंदी लागू नाही. तुमच्या जगात हा करार टिकला की मोडला, ते ठरवा.

माझा कल क्षेपणास्त्र आणि कण्यातली तोफ या जोडीकडे आहे, कारण दोन्हींचा साठा मोजता येतो. लेसरवाल्या कथेत आकडे संपत नाहीत, फक्त तापतात, आणि ते लिहायला जास्त कसब लागतं.

टप्पा ६: चुकलेला गोळा

न लागलेला गोळा कुठे गेला? 'सुरमई'ने प्रवासाच्या दिशेने डागला तर ७.७ आणि ५ मिळून १२.७ होतात, तो पृथ्वी सोडून जातो. मागे डागला तर २.७ उरतात, तो वातावरणात पडतो. पण कक्षेच्या आडवा डागला तर तो लांबट कक्षेत शिरतो आणि सुमारे ३.६ तासांनी डागला त्याच जागी परत येतो. सकाळी चुकलेला गोळा दुपारी मदतीला आलेल्या यानाला लागणं ही कल्पना मी अजून एकाही कथेत वाचलेली नाही, कोणीतरी लिहा.

तुकड्यांचंही तसंच. २००७ मध्ये चीनने सुमारे ८६५ किलोमीटरवर स्वतःचा उपग्रह फोडला, त्याचे ३००० हून अधिक तुकडे नोंदवले गेले आणि बरेच अजून फिरत आहेत. भारताने २७ मार्च २०१९ ला मिशन शक्तीत लक्ष्य सुमारे ३०० किलोमीटरवर ठेवलं, जेणेकरून तुकडे लवकर खाली यावेत. तुमच्या लढाईची उंची ठरवताना हा फरक वापरा.

टप्पा ७: लागल्यावर काय तुटतं

'यान फुटलं' लिहू नका. दारूगोळा, कपॅसिटर, इंधन, पंखे, माणसं राहतात तो भाग, या पाचांची जागा दाखवणारं साधं रेखाचित्र काढा. गोळ्याची रेघ त्यावर ओढा आणि वाटेत काय आलं ते पाहा. भरलेला कपॅसिटर हा स्वतःच बॉम्ब आहे, तो माणसांजवळ ठेवू नका.

एकाला लागलं की शेजारच्यालाही लागतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांची जहाजं एकमेकांना बांधून उभी होती. एकाला आग लागली आणि अख्खं आरमार जळालं. अवकाशात आग यानावरून यानावर उडी घेत नाही, तुकडे घेतात. गोदीत चिकटून उभा केलेला ताफा हे आयतं लक्ष्य आहे.

टप्पा ८: नाव

आता नाव द्या. खलाशी रोज हाताळतात त्या वस्तूला मोठं नाव राहत नाही. ट्रॉलरवर कोणी यंत्राचं पूर्ण नाव घेत नाही. कागदावर संस्कृत नाव असू द्या, पण तोफखान्यातली माणसं तिला काय हाक मारतात ते दोन अक्षरांत ठरवा. ती कशाची कुरकुर करते, कुठलं झाकण नेहमी अडकतं, हेही त्यांनाच ठाऊक असतं.

प्रसंग लिहिण्याआधी

वही बंद करून कथा न वाचलेल्या एखाद्या मित्राला द्या. त्याला तीन प्रश्न विचारा: पंधराव्या मिनिटाला किती गोळे उरले, किती बर्फ उरला आणि पंखे उघडे आहेत की मिटलेले? तिन्ही उत्तरं त्याला तुम्हाला न विचारता सापडली, तर लढाई लिहायला बसा. एखादं अडलं, तर तो टप्पा पुन्हा करा. बहुतेक वेळा तो तिसरा असतो.